दांडपट्टा हातातून पडतो का

माझ्या घरात बसून, माझ्या हातची पाटवडी दोनदा वाढून घेऊन, तो माणूस म्हणाला की दांडपट्टा हातातून पडतो. माझं पित्त तिथेच खवळलं. ते अजून पूर्ण खाली बसलेलं नाही.

आधी खेळ काय ते सांगते, कारण मलाही तो कळायला तीन महिने लागले. टेबलाभोवती चार जण बसतात. एक जण गोष्ट चालवतो. त्यात जंगलं असतात, किल्ले असतात, राक्षस असतात. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपलं पात्र आता काय करतंय ते सांगायचं. जमलं की फसलं ते फाशांवर. आणि फाशांचा अर्थ लावायला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक असतं. त्या पुस्तकाचा अर्थ मात्र गोष्ट चालवणारा म्हणेल तो. आमच्यात गोष्ट चालवायचा तो हाच पाटवडीवाला.

पन्नाशीचा गृहस्थ, तीन पिढ्या दिल्लीत. मराठी अगदी पुण्याची, पण वाद सुरू झाला की हिंदीवर यायचा. आमची ओळख मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. त्याने माझ्या मुलीला सहज विचारलं, खेळणार का, आणि शाळेत कुणाशी धड न बोलणारी माझी तेरा वर्षांची मुलगी चटकन हो म्हणाली. तेव्हापासून दर रविवारी दुपारी लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या क्वार्टरमध्ये बैठक. मी खेळायला बसले ती केवळ तिच्यासाठी. चौथा एक इंजिनियर होता, मूळ परभणीचा, मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात. आठवडाभराची झोप तो आमच्या सोफ्यावर काढायचा आणि आपली पाळी आली की जागा व्हायचा.

मुलीचं पात्र म्हणजे एक उंच, कमी बोलणारी पहारेकरीण. पात्राच्या कागदावर हत्याराच्या रकान्यात तिने पेन्सिलीने लिहिलं होतं, दांडपट्टा. देवनागरीत. दिल्लीत वाढलेली ही पोर घरात अर्धं हिंदी बोलते, 'उंबरठा' म्हटलं तर 'मतलब?' विचारते. तिने आपणहून मराठीत लिहिलेला हा एकच शब्द. तो तिला तिच्या आबांनी दिला होता, म्हणजे माझ्या बाबांनी. बाबा नागपूरला शाळेत शिपाई होते. संध्याकाळी वस्तीतल्या आखाड्यात पोरांना पट्टा शिकवायचे आणि चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे फिरवायचे. दोन उन्हाळे मुलगीही त्यांच्याकडे शिकून आली. तो शब्द त्या कागदावर राहावा एवढ्यासाठी मी त्या माणसाला दर रविवारी जेवू घालत होते. दुसरं काही कारण नव्हतं.

त्या रविवारी गोष्टीत एका पुलावर लढाई लागली. समोरच्या राक्षसाने हत्यार पाडायचा डाव टाकला, फासा त्याच्या बाजूने पडला.

"चलो, तुझा पट्टा पडला खाली नदीत," तो मुलीला म्हणाला.

"पण काका, तो पडत नाही," मुलगी म्हणाली. हळूच म्हणाली, पण म्हणाली.

"पुस्तकात स्पष्ट आहे. डाव यशस्वी झाला की हातातलं शस्त्र पडतं."

मग मी मध्ये पडले. माझी नोकरीच नियमांचा अर्थ लावण्याची. मंत्रालयात रजेच्या नियमांवर खुलासे लिहिण्यात माझी सोळा वर्षं गेली आहेत. मी त्याला म्हटलं, नियम 'हातात धरलेल्या' शस्त्राचा आहे. पट्टा धरलेला नसतो, घातलेला असतो. मनगटापासून कोपरापर्यंत लोखंडी खोबळा, त्यात हात जातो, आत आडवी मूठ, वर पट्टी बांधलेली. तुमच्याच पुस्तकात ढालीचं पान काढा. ढाल हाताला बांधलेली असते म्हणून ती पाडता येत नाही, काढायलाच एक अख्खी पाळी लागते. मग पट्ट्याला वेगळा न्याय का?

"ढाल हे शस्त्र नाही, मॅडम."

"प्रश्न शस्त्राचा नाही, बांधण्याचा आहे."

"मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, नाव काय हवं ते लिही, नियम तलवारीचेच लागतील."

हे त्याने सांगितलं होतं, हे खरं आहे. पण तेव्हा मला वाटलं होतं, वार किती लागतो वगैरे एवढ्यापुरतंच ते असेल. मी तसं म्हटलं. तो पुस्तक मिटून खुर्चीत मागे रेलला, आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "दांडपट्टा म्हणजे सरदारांचं, गडावरच्या लोकांचं हत्यार. तुमच्याकडे कुठून आला?"

'तुमच्याकडे'. हा शब्द मी शाळेत ऐकलाय, हॉस्टेलवर ऐकलाय, ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकलाय. त्याला काय म्हणायचं होतं ते मला विचारावं लागलं नाही. डोक्यात अशी तिडीक गेली की हातातला वाढायचा डाव टेबलावर आपटला. मी इंजिनियरकडे पाहिलं. तो आता चांगला जागा होता.

"माझं काही म्हणणं नाही," तो म्हणाला. त्याचं कशावरच कधी काही म्हणणं नसतं. असल्या माणसांचा मला जास्त राग येतो.

तिथे मी थांबायला हवं होतं. पण मला त्या माणसाला तोंडावर पाडायचं होतं. मी मोबाइल उचलला, बाबांना लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन टेबलाच्या मधोमध, फाशांच्या शेजारी ठेवला.

"बाबा, फोन स्पीकरवर आहे, इथले सगळे ऐकतायत. एकच सांगा. लढताना कुणी मारलं तर पट्टा हातातून पडतो का?"

बाबा हसले. "पडंल कसा? हात तर आतमध्ये राहते ना. हात तुटंल, पट्टा नाही पडणार."

मी त्या माणसाकडे पाहिलं. माझी मुलगी तर सरळ हसत होती. शेजारी कुणी बसलेलं असताना ती असं हसत नाही.

तो फोनकडे वाकला. "नमस्कार आजोबा. तुम्ही कधी लढाईत वापरलाय का पट्टा?"

"नाही साहेब. मिरवणुकीत."

"मग समोरच्याने खरोखर पाडायचा प्रयत्न केलाय कधी?"

"नाही साहेब. तसं कोण करंल."

"कारण इथे पुस्तकात लिहिलंय की पडतो."

मग बाबा म्हणाले, "पुस्तकात तसं असंल तर तसंच असंल, साहेब."

पुस्तकात पट्ट्याचं नावसुद्धा नव्हतं. मी तसं ओरडून सांगितलं, पण तोवर बाबा "बरं, ठेवतो" म्हणाले होते. आमच्या घरात पुस्तकाच्या पुढे कुणाचं काही चालत नाही. बाबा स्वतः सातवी. पण भिंतभर पुस्तकं, आणि कुठलाही वाद झाला की "पुस्तकात काय आहे ते बघ." त्या वाक्यावर मी शिकले, इथवर आले. तेच वाक्य त्या माणसाच्या हाती लागलं.

जिंकल्यावर तो एकदम उदार झाला. "चला, बच्ची का दिल रखते हैं. फक्त तुझ्यासाठी, पट्टा पडला नाही. ठीक आहे?"

मला हक्क हवा होता, हा खिरापत वाटत होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात मुलगी म्हणाली, "नको काका. पडू दे."

ते दोघे गेल्यावर मी बाबांना पुन्हा फोन केला आणि वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं ना, मग माघार का घेतली? आणि त्याला साहेब कशाला? तो कुणाचा साहेब लागून गेला?

"पुस्तक त्यांच्यापाशी होतं बाई," बाबा म्हणाले. "माझ्यापाशी काय होतं?"

मी रागाने फोन बंद केला. आठवडाभर मनात वाद घालत राहिले. ऑफिसात फाइल समोर ठेवून त्या नियमावर दीड पान टिपण लिहिलं, मुद्देसूद, पुस्तकातल्या पानांच्या हवाल्यासकट. पुढच्या रविवारी तो आला की ते त्याच्या तोंडावर फेकायचं ठरवलं होतं. माझं चूक नव्हतं. आजही नाही.

रविवारी सकाळी टेबल लावताना मुलीचा कागद हाती आला. हत्याराच्या रकान्यात कागद खोडरबराने घासून पातळ झाला होता. त्यावर इंग्रजीत तलवार लिहिलं होतं, पेनाने.

"हे काय?" मी तिला विचारलं. "त्या माणसाला घाबरलीस?"

"नाही."

"मग? मी आज त्याला दाखवणार आहे की आबा बरोबर होते. हे बघ, लिहून काढलंय सगळं."

तिने माझं टिपण हातात घेतलंच नाही. पुऱ्यांसाठीच्या थाळ्या पुसत राहिली.

"आबा बरोबरच आहेत," ती म्हणाली. "पण तू परत त्यांना फोन लावशील ना, सगळ्यांसमोर."