भिंतीतली वाट

पालघरच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर भूगोल शिकवत होते, तेव्हा मी स्त्रीवादी भूगोलाचं नाव काढलं की आमचे विभागप्रमुख स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणायचे, "बायकांचा वेगळा भूगोल? उद्या बायकांचं वेगळं गुरुत्वाकर्षण काढाल!" बाकीचे हसायचे. स्वतः वर्षानुवर्षं एकच जुनं टाचण वर्गात वाचून दाखवणारा माणूस, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. मला त्यांचा संताप यायचा, आणि कायमची नोकरीही हवी होती.

मी संशोधनाला विषय घेतला, पाम गावाहून तारापूरच्या कारखान्यांत पायी जाणाऱ्या बायका. पॅकिंगला जाणाऱ्या एका मावशींनी मला आठवडाभर सोबत नेलं. मोठ्या रस्त्यावर ट्रक उभे, टपऱ्यांवर पुरुष, आणि त्यांची शेरेबाजी. म्हणून या बायका एका बंद कारखान्याच्या मागच्या भिंतीला पडलेल्या भगदाडातून जायच्या. मी मोबाईलवर एकेक वळण टिपलं. घरी येऊन रंगीत नकाशा केला, भगदाडावर लाल ठिपका दिला आणि वर ‘स्त्रियांनी घडवलेला अवकाश’ असं भारदस्त नाव लिहिलं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणजे काय, ते मला विचारा.

कॉलेजच्या चर्चासत्रात नकाशा पडद्यावर लागला. प्रमुख पाहुणे एक कारखानदार होते, कारण प्रोजेक्टर त्यांनीच दिलेला. त्यांनी चष्मा चढवून लाल ठिपका नीट पाहिला, माझं तोंडभरून कौतुक केलं आणि नकाशाची प्रत मागितली. मी हरखून दिली. आठ दिवसांत भगदाड बुजलं, भिंतीवर काचा लागल्या; तो बंद कारखाना त्यांचाच निघाला.

पुढचा तमाशा तर ऐका. कायम जागेच्या मुलाखतीत आमच्या विभागप्रमुखांनीच समितीला सांगितलं, "यांच्या संशोधनाचा उद्योगाला प्रत्यक्ष उपयोग झाला." मला नोकरी मिळाली. पेढे वाटले मी, निर्लज्जासारखे.

उरलेले घेऊन पामला गेले. मावशी ओट्यावर बसल्या होत्या. नकाशा कुणाच्या हाती दिला ते सांगितलं आणि माफी मागितली. त्यांनी मला पाणी दिलं, पेढा घेतला.

"जाऊ द्या बाई. दुसरी वाट काडली आमी."

"कुठून?" माझ्या तोंडून लगेच निघालं. हात पर्समधल्या मोबाईलकडे गेलासुद्धा.

मावशींनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"ते तुमाला नाय सांगनार."