मेहकरच्या वर्गात त्या रविवारी कोण शिकवून गेलं?

आधीच सांगते, लिंबू-मिरची आमच्या घरात फक्त स्वयंपाकासाठी आणतात. मी अर्थशास्त्र शिकवते, नवरा बँकेत आहे. भूत, भास, संकेत यातलं काहीही आमच्या जेवणाच्या टेबलावर कधी आलेलं नाही. या सदरातले अनुभव मी वाचायचे ते रात्री झोप यावी म्हणून... आणि आता मीच लिहायला बसले आहे.  भीतीपोटी नाही, हे वाचाल तेव्हा कळेलच.

मी बुलडाण्याला एका कॉलेजात नोकरी करते. त्याशिवाय रविवारी मेहकरला जाते. आमच्या विद्यापीठाच्या दूरशिक्षणाचं तिथे अभ्यासकेंद्र आहे. एका शाळेचे दोन वर्ग रविवारपुरते आम्हाला मिळतात. ज्यांचं शिक्षण लग्नामुळे, शेतीमुळे, कामामुळे अर्धवट राहिलं, अशी माणसं बी.ए. करायला येतात. अंगणवाडीतल्या मदतनीस, दुकानात काम करणारे, दोन-तीन शेतकरी. विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात पहिल्याच पानावर उद्दिष्टं छापली आहेत — या विभागातल्या माणसांसाठी, त्यांच्या दारापर्यंत शिक्षण, वगैरे. खरं सांगू? ते पान मी कधी नीट वाचलंच नव्हतं.

माझ्या वर्गात शबाना म्हणून एक मुलगी होती. मुलगी म्हणजे, दोन लेकरांची आई. मेहकरजवळच्या खेड्यातली, घरी ब्लाउज शिवायची. नवरा इरफान, शेतातले पाण्याचे पंप दुरुस्त करतो. दर रविवारी तोच तिला मोटरसायकलवर सोडायचा, शाळेच्या गेटपाशी मला मान हलवून सलाम करायचा आणि निघून जायचा.

अर्थशास्त्र शबानाला अजिबात जमत नव्हतं. त्याआधीच्या रविवारी ती वर्ग सुटल्यावर थांबली. म्हणाली, "मॅडम, घरचे म्हणून राह्यले, तुले जर समजतच नाही तं काऊन चकरा मारतं? पुढच्या रविवारी शेवटचं येते मी. नाही समजलं तं परीक्षेले नाही बसत."

आमचे केंद्र सांभाळणारे राऊत सर बाजूलाच होते. ती गेल्यावर ते हळूच म्हणाले, "अशी एकेक गळत गेली ना मॅडम, तं केंद्रच राहायचं नाही. वरचे विचारतात, किती जण येऊन राह्यले म्हणून."

त्यामुळे पुढचा रविवार माझ्या डोक्यात आठवडाभर होता. परीक्षेआधीचा तो शेवटचाच वर्ग होता, धडा 'मागणीची लवचिकता'. नावच असं की ऐकून माणूस उठून जावा. मी घरी दोनदा तयारी केली. उत्तम, शुद्ध, पुस्तकी मराठीत... कारण वर्गात मी तशीच बोलते. माझं माहेर बुलडाणा जिल्ह्यातल्याच धाड गावचं. घरी आम्ही 'जाऊन राह्यलो', 'मले', 'तुले'च बोलतो. पण एम.ए.ला पुण्यात होते तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या एका वाक्यावर अख्खी मेस हसली होती. तेव्हापासून वर्‍हाडी घरात आणि प्रमाण मराठी वर्गात, अशी वाटणी पक्की झाली. विद्यार्थ्यांना माहीतही नव्हतं की मी इथलीच आहे.

तर तो रविवार. बुलडाण्याहून सकाळची एस.टी. पकडली. चिखली सोडली आणि लव्हाळा गावाच्या अलीकडे गाडीने आचके दिले, आणि बंद. ड्रायव्हरने बॉनेट उघडलं. कंडक्टर म्हणाला, दुसरी गाडी मागवली आहे, बसा. फोनला रेंज येत-जात होती. राऊत सरांना लावला, लागला नाही. जाणाऱ्या जीपा सगळ्या भरलेल्या, माणसं मागे लटकलेली.

मी खिडकीपाशी बसून होते. वर्ग सुरू व्हायची वेळ झाली... टळली. शबाना येऊन बसली असेल, वाट बघत असेल. 

तेवढ्यात एक बाई टोपलीभर सीताफळं घेऊन गाडीत चढली. तिने भाव सांगितला, कोणीच घेईना. तिने टोपली खाली टेकवली आणि म्हणाली, "घ्या बापू, अर्ध्यात घ्या. सांजपर्यंत सडून जातीन." आणि काय सांगू, दोन मिनिटांत टोपली रिकामी! माझ्या शेजारच्या आजोबांनी तर धोतराच्या सोग्यात भरून घेतली.

मला एकदम उसळी आल्यासारखं झालं. अरे, हीच तर लवचिकता! भाव उतरला, मागणी फुगली. आत्ता, या क्षणी मी वर्गात असायला हवं होतं. हेच सांगितलं असतं, असंच, त्या बाईच्या शब्दांत. इतकं तीव्र वाटलं की डोळे गच्च मिटून घेतले. उन्हाने म्हणा, थकव्याने म्हणा, तशीच डुलकी लागली.

आजोबांनी खांद्याला हात लावून उठवलं. दुसरी गाडी आली होती. ते हसत होते. "मास्तरीण हाये का बाई तुम्ही? झोपेत सारखं 'समजलं का, समजलं का' म्हणून राह्यल्या होत्या."

मी काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. घसा पार बसलेला. दोन तास सलग शिकवल्यावर बसतो, तसा.

मेहकरला उतरून मी अक्षरशः पळत शाळेत गेले. वाटलं होतं, गेटला कुलूप असेल. तर गेटपाशी शबाना उभी. चेहरा असा फुललेला की मी तिला आधी ओळखलंच नाही.

"मॅडम, काही विसरलं का तुमचं?" तिने विचारलं.

"विसरलं? अगं, मी आत्ताच येतेय. गाडी बंद पडली होती."

ती हसली. तिला वाटलं, मी गंमत करतेय. "आता तं गेल्या तुम्ही वर्गातून. अल्ला कसम मॅडम, आज पहिल्यांदा डोक्यात शिरलं सगळं. मीठ ताठ हाये अन् सीताफळ लवचिक हाये."

मी तिथेच उभी. 

"काय म्हणालीस?"

"तुम्हीच सांगतलं ना. मिठाचा भाव वाढला तं भाजीत मीठ कमी टाकसान का? नाही. मंग ते ताठ. अन् सीताफळ महाग असलं तं कोणी पाहत नाही, अर्ध्यात दिलं का टोपलं खाली होते. ते लवचिक. आज तुम्ही आमच्यावानी बोलल्या मॅडम. आधी काऊन नाही बोलत होत्या?"

तेवढ्यात इरफान मोटरसायकल घेऊन आला. एरवी सलाम करणारा माणूस, त्या दिवशी त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली घातली ती वर केलीच नाही. शबाना मागे बसली आणि दोघं गेले.

मी वर्गात गेले. अंगणवाडीत मदतनीस असलेली वंदनाताई फळ्यावरचं उतरवून घेत होती. फळा भरलेला होता. मागणीचा वक्र काढलेला, खाली सीताफळाचं चित्र. आणि अक्षर... माझं. माझा 'ळ' विचित्र आहे, त्याला मी खालून एक जास्तीचा वळसा देते. लहानपणापासूनची खोड. फळ्यावर 'सीताफळ' लिहिलं होतं, आणि 'ळ'ला तो वळसा होता.

"ताई, कोणी शिकवलं आज?" मी विचारलं. घशातून नुसती कुजबुज निघाली.

वंदनाताईने वही मिटली. "म्हणजे? तुम्हीच तं. घसा बसला पाहा तुमचा, किती बोलल्या आज. पाणी देऊ का?"

राऊत सरांकडे गेले. ते म्हणाले, "मी चहा विचारला तुम्हाले दारातून. तुम्ही हातानंच नको म्हटलं." मी विचारलं, मी कोणती साडी नेसले होते? सर म्हणाले निळी. वंदनाताई म्हणाली पिवळी. मी त्या दिवशी साडी नेसलेच नव्हते, हिरवा पंजाबी ड्रेस घातला होता.

मी काय काय करून पाहिलं नाही! आमच्या कॉलेजातल्या मानसशास्त्राच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, सगळ्यांना मिळून भास होऊ शकतो. ठीक. मग फळा कोणी भरला? नवरा म्हणाला, दुसरं कोणीतरी शिकवून गेलं असेल, यांचा घोटाळा झाला. पण मग सीताफळं? ती बाई तर माझ्या गाडीत चढली होती... आणि ते मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं, सांगायला आवाजच नव्हता. शेवटी नवऱ्याने हात टेकले. म्हणाला, "आता जेव."

परीक्षा झाली. शबाना अर्थशास्त्रात पास झाली, तेही चांगल्या मार्कांनी. त्या वर्गातलं एकही माणूस गळलं नाही.

पुढच्या सत्राच्या पहिल्या रविवारी मी शिकवायला उभी राहिले आणि सवयीप्रमाणे सुरू केलं, "आज आपण राष्ट्रीय उत्पन्न ही संकल्पना समजून घेणार आहोत." सगळ्यांचे चेहरे असे पडले... जणू पाहुणी यायची होती आणि भलतंच कोणी आलं. शबाना म्हणाली, "मॅडम, त्या दिवशीसारखं सांगा ना."

 जे मी केलंच नव्हतं ते पुन्हा कसं करू? पण सगळे वाट बघत होते. मी खडू खाली ठेवला, आणि धाडला आईशी बोलते तशी बोलले, "बरं, मले सांगा, तुमच्या गावात एका वर्षात काय काय पिकते?" पुढचा तास कसा गेला मला कळलं नाही. एकदाही पुस्तक उघडलं नाही. पंधरा वर्षं शिकवतेय, पण माणसं बाकावरून पुढे झुकून ऐकतायत, मधेच मला तोडून बोलतायत, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आता मी तशीच शिकवते. कॉलेजातसुद्धा. मध्यंतरी विद्यापीठाची माणसं केंद्र पाहायला आली होती, ती मागच्या बाकावर बसून राहिली ती उठेनात. माहितीपुस्तकातलं ते पहिलं पान मी आता नीट वाचलंय. तिथे लिहिलेलं सगळं करायचं आहे असं वाटतं, वेड्यासारखं.

पण मूळ गोष्ट राहिलीच.

यंदा प्रवेश सुरू झाले तेव्हा इरफान केंद्रावर आला. एकटाच. मला वाटलं, शबानाचं काही काम असेल. तो म्हणाला, "मॅडम, मले नाव टाकायचं हाये. बी.ए.ले."

मी विचारलं, एकदम कसं काय?

तो खुर्चीच्या कडेवर बसला. "त्या दिवशी मी वऱ्हांड्यात बसून आयकलं तुमचं. सीताफळाचं. मले वाटलं, हे तं माझ्या धंद्याचं सांगून राह्यले. विहिरीत पाणी असते तवा पंप दुरुस्तीचे मी काही बी सांगो, लोक देतेत. उन्हाळ्यात कोणी विचारत नाही." मग उठला. दार लोटून आला. "एक गोष्ट कोणाले सांगतली नाही मी. शबानाले बी नाही. लोक म्हणतीन, पिऊन आला होता."

"सांगा."

"शबानाले सोडून मी चिखलीकडं गेलतो, पंप पोचवाले. वापस येताना तुमची गाडी उभी दिसली. थांबलो, बॉनेटमध्ये डोकावलो. तुम्ही खिडकीपाशी होत्या, हिरव्या कपड्यात. झोपेल होत्या. वाटलं, गाडीवर या म्हणावं, पण बाईमाणसाले कसं म्हणावं? मी सीधा मेहकरले आलो. रस्त्यात मले कोणी मागं टाकलं नाही. अन् शाळेत आलो तं तुम्ही फळ्यापाशी. शिकवून राह्यल्या होत्या."

 माझ्या अंगावर सरसरून काटा आला, आणि त्याच वेळी, का कोण जाणे, मला मोठ्याने हसावंसं वाटत होतं.

म्हणजे दोन्हीकडे पाहणारा एक माणूस होता. आणि तो माझ्यासमोर बसला होता.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. कोणी सांगू शकत असेल तर जरूर लिहा, मी थट्टा करणार नाही. इरफानने मात्र तेव्हा मला निरखून पाहिलं. मग अगदी अदबीने विचारलं, "मॅडम, राग नका मानू. पण आता माझ्यासमोर बसेल हायेत, त्या कोणत्या?"

 मी प्रवेशाचा फॉर्म त्याच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, "भरा बापू. रविवारी वर्गात या, अन् तुम्हीच पाहून सांगा मले."