विहिरीला न दिलेलं कासव

आमच्या घरी कासवाची दोन पिल्लं आली आणि गावाच्या दोन्ही टोकांची माणसं मला शहाणपण शिकवायला लागली. वरच्या आळीचे म्हणाले, हे लोक शिजवून खाणार. आमच्या वस्तीतले म्हणाले, ही पोरगी पूजा करणार. मला दोन्ही करायचं नव्हतं. मला ती जगवायची होती, आणि एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात शिरत नव्हती याचा मला अजून राग येतो.

केळापूरच्या बाजूचं आमचं गाव. बाबा पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी चढवायला जात. हैद्राबादच्या रस्त्याने येणाऱ्या एका ट्रकवाल्याने त्यांना ही पिल्लं दिली होती. लिंबाएवढी, काळ्या पाठीवर पिवळ्या रेघा. मी तेव्हा दहा-अकराची असेन. कासव म्हणजे पाणी, एवढंच आम्हाला ठाऊक. बाबांनी पैनगंगेतली कासवं पाहिलेली, म्हणून त्यांनी घमेलं भरलं आणि पिल्लं त्यात सोडली. मी दुधात भाकरी कुस्करून त्यांच्यापुढे ठेवायची. पिल्लं दिवसभर घमेल्याच्या कडेला नखं घासत राहायची. आम्हाला वाटायचं, खेळतात.

थोड्याच दिवसांत दोघांचे डोळे सुजून बंद झाले. धाकट्याच्या नाकातून फेस यायला लागला. पाठ अंगठ्याने दाबली तर आत लवायची. एका सकाळी धाकटं पाण्यात मान टाकून पडलेलं होतं, मेलं होतं. दुसरंही गेलंच असं समजून मी ते काढून कोंबड्यांच्या खुराड्यावर उन्हात ठेवलं आणि खड्डा खणायला बसले. खणून मागे पाहते तर ते खाली पडलेलं, आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या घोळीच्या भाजीकडे चाललेलं. डोळे मिटलेले, पण पाय चालत होते. मी पहिल्यांदा ते पाय नीट पाहिले. जाडजूड, खुंटासारखे. पोहणाऱ्याच्या बोटांना जोडणारं कातडं त्यांना नव्हतंच. आम्ही कोरड्या जमिनीचं जितराब बुडवून मारत होतो.

त्या दिवसापासून घमेलं बंद. सकाळी ऊन, खायला घोळ आणि तरोट्याचा पाला. कोमट पाण्यात मीठ टाकून कापसाच्या बोळ्याने मी त्याचे डोळे पुसायची. पाठीसाठी माय म्हणाली, "कोंबडीले अंड्याचं टरफल देतो ना आपन, कवच पातळ झालं की? याले बी दे." मग टरफल कुटून पाल्यावर भुरभुरवायची. रात्री मात्र प्रश्न. जमीन गार, मांजर टपलेलं. चुलीवरच्या भिंतीत एक कोनाडा होता, कोरडा आणि उबदार. आधी त्यात देव होते. दीक्षा घेऊन आल्यावर बाबांनी ते पोत्यात घालून नाल्यात सोडले होते. मी त्या रिकाम्या कोनाड्यात चिंध्या अंथरल्या आणि कासव ठेवलं.

झालं. मोठे काका आले, कोनाड्यात पाहिलं आणि पेटलेच. "देव फेकले आन् त्याच जागी कासव बसवलं? थे तं त्याइच्या देवाचा अवतार हाय! प्रतिज्ञा कायले घेतल्या मंग?"

मी म्हटलं, "काका, मी कुंकू लावलं काय त्याले? बिमार हाय थे. अवतार असता तं त्याच्या नाकातून फेस आला असता काय?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझं पहिल्यापासूनच. काका पुटपुटत गेले. कासव कोनाड्यातच राहिलं. थंडी सरेस्तोवर त्याचे डोळे उघडले आणि पाठ टणक झाली. पहिल्यांदा पाठ दाबली आणि ती लवली नाही, तेव्हा मी अंगणात ओरडत फिरले होते.

कासव जगलं ही बातमी वरच्या आळीतही गेली. उन्हाळ्याच्या तोंडाशी एक दिवस पाटील स्वतः आमच्या वस्तीच्या कडेला येऊन उभे राहिले. त्यांच्याच विहिरीवर आमचं पाणी होतं. म्हणजे आमच्या बाया खाली घागर धरून उभ्या राहायच्या आणि वरच्या कुणाला दया आली की तो वरून ओतायचा. आता पाटलांनी मळ्यात नवी विहीर खणली होती.

"का रे," ते बाबांना म्हणाले, "नव्या विहिरीत कासव सोडा लागते, पानी साफ राह्यते. तुह्या पोट्टीजवळ आहे म्हनते. देऊन टाक."

बाबांच्या तोंडून "हो जी" निघून गेलं, मग माझ्याकडे वळून ते हळूच म्हणाले, "सांग त्याइले, जमिनीवरचं हाय, बुडन."

ते खरंच होतं. तेवढं सांगितलं असतं तर पाटील दुसरं कासव शोधायला गेले असते आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मला ते पुरेना. कासव छातीशी धरून मी विचारलं, "आमच्या घरचं कासव तुमच्या विहिरीले चालते?"

पाटील हसले. "कासवाले कायचा विटाळ?"

"मंग माह्या मायले कायचा? पह्यले माही माय विहिरीत बादली सोडन, मंग कासवाचं पाहू."

बाबांचा हात उठला, पण पडला नाही. पाटलांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बाबांनाच म्हणाले, "दीक्षा झाल्यापासून तुमच्या पोट्ट्याइले लयच तोंड फुटलं," आणि गेले.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर कुणी ओतलं नाही. आमच्या बाया ऊन चढेपर्यंत घागरी धरून उभ्या राहिल्या. वरच्या बाया आल्या, भरून गेल्या. वस्ती रिकाम्या घागरी घेऊन परतली आणि सगळ्यांनी मला शिव्या घातल्या. त्यांचंही चूक नव्हतं, त्यांच्या घरी तान्ही लेकरं होती. मी तरी कासव हातचं सोडलं नाही.

बाबा मायला म्हणाले, "घेऊन जा थे, पाटलाच्या पायावर ठेव आन् पोट्टीले माफी मागाले लाव. एका कासवापायी सारी वस्ती तहानेनं मारतं काय?"

"तिनं मरतं जितराब जगवलं," माय म्हणाली. "थे विहिरीत टाकाले मी नाई देनार. आन् माफी कायची? पोट्टी काय खोटं बोलली?"

तिने फावडं आणि घागर उचलली. मला म्हणाली, "चाल." आम्ही नाल्यावर गेलो. नाला कोरडा पडला होता. मायने वाळूत झिरा खणायला घेतला. कंबरेएवढं खणल्यावर ओल लागली, मग गढूळ पाणी पाझरायला लागलं. तिने ते उपसून टाकलं, पुन्हा साचू दिलं. काठावर आमच्या वस्तीतल्या दोन-तीन बाया येऊन पाहत उभ्या राहिल्या होत्या. पाणी निवळलं तसा मायने खाली वाकून स्वतःच्या हाताने लोटा बुडवला. घरात ती नेहमी सगळ्यांच्या शेवटी पाणी प्यायची. तो पहिला लोटा मात्र ती स्वतःच घटाघटा प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि काठावरच्या बायांना म्हणाली, "या वं. इथं कोनाची वाट पाहा लागत नाई."