पुढच्या खांद्याचा मान

जीप थांबली. रस्त्यात ऐनाचं झाड आडवं पडलं होतं. वादळ झालं नव्हतं आणि बुंध्यावर कुऱ्हाडीचे ताजे घाव होते. कोकणातला माणूस कितीही भडकला तरी आंब्याच्या कलमाला हात लावत नाही, म्हणून बिचाऱ्या ऐनावर पाळी आली होती.

"खालच्या वाडीचं काम," ड्रायव्हर म्हणाला.

"नाहीतर वरच्या," मागच्या सीटवरून भाऊ म्हणाले. "दोघांच्याही कुऱ्हाडी मला ठाऊक आहेत. चला हवालदार, चालत जाऊ."

भाऊ म्हणजे आमचे आमदार. मी त्यांचा बॉडीगार्ड. पोलीस हवालदार, मूळचा कराडकडचा, म्हणजे रत्नागिरीच्या भाषेत घाटी. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भाऊंचं हृदय इतकं थकलं होतं की डॉक्टरांनी जिना चढायलाही बंदी केली होती. आणि आम्ही निघालो होतो त्यांच्या गावी, फाल्गुनातल्या उन्हात.

कारण शिमगा. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते आणि घरोघर जाते. त्यासाठी मुंबईचे चाकरमानी नोकरीवर पाणी सोडून गावी येतात. या गावात मात्र भांडण होतं. पालखी देवळाची पायरी उतरताना पुढचा खांदा कोणाचा? वरची वाडी म्हणे आमचा, खालची म्हणे आमचा. आदल्या वर्षी त्यावरून डोकी फुटली आणि पालखी देवळातच कोंडून राहिली. यंदा तहसीलदारांनी सांगून टाकलं होतं की त्या दिवशी संध्याकाळपर्यंत समेट झाला नाही तर देवळाला टाळं. दोन्ही वाड्या ऐकतील असा माणूस एकच होता. त्यातही कोणीतरी निरोप धाडला होता, 'भाऊ गावात आले तर आपल्या पायांनी परत जाणार नाहीत.'

निघताना वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीनं, मला बाजूला घेतलं. आमच्या कामाचा एक पक्का नियम आहे. बॉडीगार्डनं साहेबाची पिशवी, छत्री, काही धरायचं नाही. हात मोकळे हवेत. वहिनींना तो माहीत होता. त्या म्हणाल्या, "ही पिशवी नाही, गोळ्यांची डबी आहे. छातीत कळ आली की एक जिभेखाली. त्यांना अडवून उपयोग नाही हो, तुम्ही फक्त परत आणा." डबी मी शर्टाच्या खिशात टाकली. रिव्हॉल्व्हरपेक्षा त्या डबीचंच ओझं मला दिवसभर जाणवत राहिलं.

झाड ओलांडून आम्ही कातळावरून चालू लागलो. कातळ म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ. सावली औषधालाही नाही. भाऊ दहा पावलं चालायचे आणि थांबायचे. मला कळू नये म्हणून प्रत्येक वेळी लांबचं काहीतरी दाखवायचे. "ती बघा आमची शाळा." मी बघायचो. तिकडे शाळाबिळा काही नसायची.

"भाऊ, परत फिरू या."

"आईला, आमच्या देवीला, वर्षभर कोंडून ठेवलीय हो. मी फिरू कसा?"

मग पाखाडी लागली, म्हणजे गावात उतरणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्या. तिच्या तळाशी देऊळ. देवळासमोर एका बाजूला वरची वाडी, दुसऱ्या बाजूला खालची, सगळ्यांच्या हातात काठ्या. वरच्या वाडीचा पुढारी सखाराम, खालचा धोंडू. दोघंही साठीचे, आणि दोघांचाही आवाज देवळाच्या घंटेएवढा.

मी रिव्हॉल्व्हरवर हात ठेवला. भाऊ शेवटची पायरी उतरले, हात जोडले, तोंड उघडलं आणि तसेच खाली बसले. चेहरा घामानं डबडबला होता.

गोळी मी त्यांच्या जिभेखाली ठेवली. लोक धावून आले. "मागे व्हा!" मी ओरडलो. ऐकतो कोण!

"जल्ला, बघत काय ऱ्हायलाव? खुर्ची आणा!" सखाराम ओरडला.

"मांडवाचे बांबू काढा रे!" धोंडू ओरडला.

ज्या गावात रस्ता नाही तिथं आजाऱ्याला असंच नेतात. आरामखुर्चीला दोन बाजूंनी बांबू बांधायचे आणि चौघांनी उचलायची. काठ्या कधी खाली पडल्या कोणाला कळलं नाही. पुढे दोघं लागले. चढावर मागचे उंच लागतात, नाहीतर आजारी माणूस मागे घसरतो. मागे एक उंच गडी मिळाला. दुसरा मिळेना.

"ओ घाटी! तुमी उंच हाव. लावा खांदा!"

नियम मला पाठ होता. मी खांदा लावला. उजवा. बांबू सांभाळायला दोन्ही हात वर, आणि कमरेचं रिव्हॉल्व्हर शेजारच्या माणसाच्या बरगडीत. त्या क्षणी कोणीही भाऊंना मारू शकलं असतं. मला मात्र एवढंच दिसत होतं की भाऊंची मान डावीकडे कलते आहे, आणि पाठीमागून कोणातरी बाईचा हात येऊन ती सरळ करतो आहे.

कातळावर आल्यावर खुर्ची टेकवली. पुढे माणसं पळाली आणि ज्यांनी झाड पाडलं होतं त्यांनीच ते बाजूला ओढलं. भाऊंनी डोळे उघडले. समोर पुढचे दोघं धापा टाकत उभे होते. एक सखाराम, एक धोंडू.

"काय रे," भाऊ हळूच म्हणाले, "पुढचा खांदा कोणाचा ते ठरवलंत काय?"

धोंडू खांदा चोळायचा थांबला.

"मला न ठरवता उचललात. मी आईपेक्षा मोठा झालो काय रे?"

सखाराम तिथंच लहान पोरासारखा रडायला लागला. धोंडूनं डोक्याचा टॉवेल सोडून त्याच्या हातात दिला.

"पालखी निघालेली बघतो, मग जीपमध्ये बसतो," भाऊ म्हणाले.

"नाही. आता माझा हुकूम," मी म्हणालो. आमदाराला हुकूम सोडायची ती माझी पहिली आणि शेवटची वेळ. त्यांनी मुकाट्यानं ऐकलं.

धमकी शब्दशः खरी ठरली. भाऊ आपल्या पायांनी परत गेले नाहीत. पण परत गेले. वहिनींच्या हातात डबी दिली तेव्हा त्यांनी आधी माझ्या खांद्याकडे बघितलं. सोलवटला होता. त्यांनी हळद आणली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते हळदीमुळे नव्हे.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठांपुढे हजेरी झाली.

"जमावात दोन्ही हात गुंतवले?"

"होय सर."

"हल्ला झाला असता तर?"

"हल्ला करणारेच खुर्चीखाली होते, सर."

त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "जा."

पालखी त्याच संध्याकाळी निघाली होती. पुढे सखाराम आणि धोंडू, शेजारी शेजारी. पुढच्या शिमग्याला ती भाऊंच्या अंगणात नाचली. भाऊ त्याच आरामखुर्चीत बसून बघत होते. गावकऱ्यांनी मलाही खांदा द्यायला बोलावलं. मी भाऊंकडे पाहिलं. ते म्हणाले, "जा हो, मी कुठं पळत नाही." त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

पुढे नव्या बॉडीगार्डना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. हात मोकळे ठेवा, हे मी प्रत्येकाला सांगितलं. आणि उचलायची वेळ आलीच तर डावा खांदा द्या. रिव्हॉल्व्हर उजवीकडे असतं.