सोळा वाफ्यांचा स्लॅब

भूममध्ये घर बांधायला काढलं की सल्ला मागायला कुठं जावं लागत नाही. दारात वाळूची एक ट्रॉली रिकामी करा, सल्ले आपोआप चालत येतात. बोअर ईशान्येलाच घ्या, पायऱ्या विषमच ठेवा, दुसऱ्या मजल्यासाठी सळया वर सोडून ठेवा. एक जिना चढताना धापा टाकणारे लोक मला दुसऱ्या मजल्याची तयारी करायला सांगत होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. न विचारता कुणी उत्तर सांगितलं की माझं डोकं फिरतं. त्या रागात खरोखर कामाचे दोन सल्लेसुद्धा मी उडवून लावले.

पहिला नवऱ्याचा. त्याचं बियाण्यांचं दुकान आहे आणि स्वभाव इतका शांत की मला तो आळसच वाटतो. प्लॉट घेण्याआधी सरकारी मोजणी करून घेऊ, असं तो म्हणाला होता. मी म्हणाले, खरेदीखतात लांबी-रुंदी लिहिलेली आहे, मी टेप धरते, तू दुसरं टोक धर. गणिताच्या बाईच्या प्लॉटवर मोजायला परका माणूस कशाला?

दुसरा सल्ला मिस्त्रीचा. स्लॅब उन्हाळ्यात टाकू नका, दिवाळीपर्यंत दम धरा, असं त्यानं सांगितलं. पण मला सुट्टी मे महिन्यात, म्हणून स्लॅबही मे महिन्यातच पडणार, असं मी ठरवून टाकलं. सुट्टी शाळेला असते, उन्हाला नसते, एवढं बोलून त्यानं नाद सोडला.

आता शेजाऱ्यांविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं. आमच्या पूर्वेला एक निवृत्त तलाठी राहतात. आम्ही त्यांना तलाठीकाका म्हणतो. नोकरीभर दुसऱ्यांच्या हद्दी बघितलेला माणूस. पाया खणायला घेतला त्या सकाळी ते बनियनवर आले, आमच्या चुन्याच्या रेघेकडं बघितलं आणि म्हणाले की यातली अर्धा फूट जागा त्यांची आहे. त्यांनी टेप लावला, अर्धा फूट त्यांच्याकडं गेला. मी टेप लावला, तो परत आमच्याकडं आला. नवऱ्यानं पावलं टाकून मोजलं तर तिसरंच काहीतरी निघालं आणि दोघांनीही त्याला गप्प बसवलं.

शेवटी मोजणीचे अर्ज गेले. तारीख मिळेपर्यंत काम थांबवा, असं काकांचं म्हणणं. मी थांबले नाही. उलट वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज आहे, त्या आवाजात अख्ख्या गल्लीसमोर त्यांना सांगितलं, "तहानेनं मरेन, पण तुमच्या दारात पाण्याचा थेंब मागायला येणार नाही." त्यांनी पाण्याचं नावही काढलं नव्हतं. पाणी मध्येच कुठून आलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

स्लॅब पडला. कामगारांना जेवण झालं, गल्लीत घरोघरी जिलेबी गेली, काकांचं घर तेवढं वगळलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं स्लॅबवर मातीचे बुटके बांध घातले आणि चार ओळींत चार असे सोळा वाफे पाडले, मेथी पेरायची असावी तसे. उतारानं पाणी एका कडेला पळू नये, प्रत्येक वाफ्यातलं तिथंच उभं राहावं, म्हणून हे बांध. त्यात एकवीस दिवस पाणी हटता कामा नये. हटलं तर स्लॅबला बारीक भेगा पडतात आणि मग पुढं दर पावसाळ्यात स्वयंपाकघरात पातेली मांडत बसायचं.

मिस्त्री म्हणाला, "म्याडम, स्लॅब म्हंजी बाळंतीण. एकवीस दिस नीट बघा, मग जन्मभर तक्रार न्हाय."

नवव्या दिवशी आमच्या बोअरनं हवा टाकायला सुरुवात केली आणि संध्याकाळपर्यंत तो कायमचा गप्प झाला. सगळ्यांचा एवढा एकच सल्ला ऐकून ईशान्येला घेतलेला बोअर. काकांचा बोअर नैर्ऋत्येला, म्हणजे वास्तुशास्त्राच्या अगदी उलट, आणि तो बाराही महिने चालतो. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही हंडे भरेपर्यंत. मग टँकर सुरू झाला. आमच्या वाफ्यांएवढं उघडं पाणी त्या दिवसांत गल्लीत दुसरं नव्हतं, त्यामुळे सगळे कावळे आणि साळुंक्या आमच्याकडं अंघोळीला यायच्या. मी खराटा घेऊन दिवसभर वर. एक कावळा किती पाणी उडवतो, याचा हिशेब मी करून बघितला, असं नवरा सगळ्यांना सांगतो. ते खरं आहे.

बाराव्या दिवशी माकणीला नणंदेच्या मुलीचं लग्न आलं. माझा नवरा म्हणजे नवरीचा मामा. त्याच्याशिवाय नवरी मांडवात येणार नाही, आणि मामी आली नाही तर नणंद ते मरेपर्यंत बोलून दाखवणार. टँकरवाल्याला मी तीनदा बजावलं, वहीत वाफ्यांचं चित्र काढून दिलं आणि दोन दिवसांसाठी एसटीत बसले.

माकणीला गेल्यावर आधी काय दिसलं, तर धरणाचं पाणी. एवढं पाणी बघून माणसाला बरं वाटतं म्हणतात. मला राग आला. अक्षता टाकतानाही माझ्या डोळ्यांपुढं सोळा वाफेच होते. जेवणानंतर एक पाहुणे तांब्याभर पाणी घेऊन पायांवर ओतत होते. मी त्यांच्याकडं असं बघितलं असणार, की त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि माफी मागितली. टँकरवाल्याला फोन केला की तो म्हणायचा, निघालोच आहे ताई, रस्त्यात आहे. चौथ्या वेळी त्याच्या मागं बँड वाजत होता.

 परतीच्या वाटेवर मला भीती वाटत होती, रडू येईल अशी साधी भीती. वीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढून जमवलेलं सगळं त्या स्लॅबमध्ये होतं, आणि तो दोन दिवस भर उन्हात कोरडा पडला होता. माझ्या हट्टामुळे मेमध्ये टाकलेला, माझ्या तोंडामुळे शेजारच्या पाण्याला मुकलेला. बांधकामावर पोचल्यावर पिशवी दारातच टाकली आणि जिना पळत चढले.

सोळाच्या सोळा वाफे काठोकाठ भरलेले होते. मधल्या एका वाफ्यात कावळा अंघोळ करत होता. मी त्याला हाकललं नाही.

लगेच टँकरवाल्याला आभार मानायला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आधीच तो गयावया करायला लागला. गाडी परंड्याला अडकली होती, ताई, येताच आलं नाही. मी फोन ठेवला. मागून आलेल्या नवऱ्यानं पूर्वेकडं बोट दाखवलं. काकांच्या बोअरपासून एक हिरवा पाइप भिंतीवरून आमच्या गच्चीवर चढला होता.

मी खाली उतरले. काका ओट्यावर बनियनवर बसले होते. मी विचारलं, "काका, पाणी तुम्ही सोडलंत?"

"सोडलं की," ते म्हणाले. "माझा अर्धा फूट हाय त्या स्लॅबमधी. त्यो वाळत होता. तेवढ्याच पुरतं सोडलं, बाकीचं आपसूक पसरलं."

सोळा वाफे. प्रत्येकाला चारी बाजूंनी बांध. पाइप उचलून एकेका वाफ्यात धरल्याशिवाय पाणी पुढं सरकणं शक्य नाही, आणि काकांचे गुडघे असे की ओट्यावरून उठताना ते खांबाला धरतात. उत्तरापुढं एकक लिहिलं नाही तर मी पोरांचा अर्धा मार्क कापते. त्या दिवशी अख्खं गणित चुकलेलं डोळ्यांसमोर होतं आणि मी बरोबर म्हणून मान डोलावली. माकणीहून आणलेला बुंदीच्या लाडवांचा डबा त्यांच्या ओट्यावर ठेवला. पुढं एकविसाव्या दिवसापर्यंत ते रोज सकाळी त्यांचा अर्धा फूट भिजवायला येत राहिले.

दिवाळीनंतर एकदाची मोजणी आली. मोजणीवाल्यांनी यंत्र लावलं, खुणा केल्या, सगळी गल्ली गोळा झाली. अख्खा अर्धा फूट काही काकांचा निघाला नाही. पण आमची भिंत त्यांच्या हद्दीत चार बोटं गेलेली निघाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.  टेपचं एक टोक मी धरलं होतं, दुसरं नवऱ्यानं, आणि चूक माझ्या टोकाला होती. आता काका म्हणाले असते तर भिंत मागं घ्यावी लागली असती, आणि भिंतीबरोबर वरचा स्लॅबही. तसं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता. मी त्यांना जे बोलले होते ते तिथं जमलेल्या प्रत्येकानं ऐकलेलं होतं.

मोजणीवाल्यानं कागदावरून मान वर केली आणि काकांना विचारलं, तुमची हरकत लिहू का?

काकांनी भिंतीकडं बघितलं, मग वर स्लॅबच्या कडेकडं.

"माझ्या बोअरचं पाणी पिऊन पक्का झालाय त्यो," ते म्हणाले. "आता मीच फोडाया लावू व्हय?"

मी चहा ठेवते म्हणून आत गेले, कारण गल्लीसमोर रडायची मला सवय नाही.