झाकणावर बसलेला माणूस

आम्ही वारज्यात राहायला आलो तेव्हा सोसायट्या भराभर उठत होत्या, पण ड्रेनेजची लाइन आली नव्हती. सेप्टिक टँक उपसायला दर दोन महिन्यांनी तेच एक टँकरवाले काका यायचे. झाकण उघडलं की सगळ्यांना लांब पिटाळायचे आणि म्हणायचे, "टाकीला जरा दम खाऊ द्या, आतला इषारी वायू जाऊ द्या."

एकदा तळाशी गाळ घट्ट बसला. पाइपाने ओढला जाईना. आमचे सेक्रेटरी म्हणाले, "अहो, एखादा माणूस उतरवा ना आत."

काकांनी शांतपणे झाकण लावलं आणि ते त्यावर मांडी घालून बसले.

"माणूस उतरनार न्हाई."

"मग दुसरा टँकर बोलावतो."

"बोलवा. मी हितंच हाय."

अर्धा तास ते उन्हात हलले नाहीत. शेवटी सेक्रेटरीच नमले. मग आम्ही घराघरांतून बादल्या आणल्या. काका पाणी ओतत, लांब बांबूने गाळ ढवळत दुपारपर्यंत टाकी उपसत राहिले.

पुढे लाइन आली आणि त्यांचं येणं थांबलं. अजून त्यांची आठवण येते. त्या दिवशी सेक्रेटरींचं म्हणणं मलाही रास्तच वाटलं होतं, हे मात्र काकांना सांगायचं राहून गेलं.