लंकेच्या सहलीची तयारी

बोट लागू नये म्हणून बापूंनी आम्हा दोघा भावंडांना महिनाभर रोज संध्याकाळी झोपाळ्यावर बसवलं. अंगणातल्या कडुनिंबाला चार दोरांनी बाज टांगली होती. तिच्यावर मी आणि फुलसिंगनं समोरासमोर बसायचं आणि बापूंनी घड्याळ लावून पंधरा मिनिटं बाज हलवायची. मी अकरा वर्षांची, फुलसिंग सात. पहिल्या दिवशी तो ओकला, दुसऱ्या दिवशी मी. बापूंना त्याचं समाधानच वाटलं. म्हणाले, समुद्रावर ओकण्यापेक्षा महागावात ओकलेलं बरं.

ही गोष्ट १९६४ ची. माझे वडील खेमसिंग महागावच्या शाळेत हेडमास्तर होते. आमच्या तांड्यातून सातवीच्या पुढे शिकलेला तो पहिला माणूस. त्यांचे आजोबा बैलांच्या पाठीवर गोण्या लादून समुद्रकाठी जात आणि तिथलं मीठ इकडे आणून विकत. बापूंना ते सारखं आठवायचं. आपले वाडवडील बैलाच्या पायानं समुद्रापर्यंत जात होते आणि आपण एसटी असून पुसदच्या पुढे जात नाही, असं ते शाळेतही सांगत आणि घरीही. त्या साली आमच्या शेतात कापसाची पऱ्हाटी चांगली झाली. तेव्हा त्यांनी ठरवलं की नाताळच्या सुट्टीला रजा जोडून बायकोमुलांना घेऊन जायचं. वर्ध्याहून मद्रास, तिथून रामेश्वरचं बेट, बेटाच्या टोकावरून आगबोटीनं लंका. याला ते ‘सांस्कृतिक सहल’ म्हणत. हा शब्द त्यांना फार आवडायचा. कुठल्या देवळाला किती खांब, कुठल्या गावी ढोल वाजवून नाचतात, हे सगळं ते आमच्याकडून पाठ करून घेत. तिकडे भाकर मिळत नाही म्हणून महिनाभर आमच्या घरी दोन्ही वेळा भात झाला. आम्ही पोटभर खाऊन उपाशी उठायचो.

माझा बाप वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तसं वाटेल.

आईला आम्ही गोरबोलीत, आमच्या बंजाऱ्यांच्या बोलीत, याडी म्हणायचो. बापूंनी ते बंद करून ‘आई’ म्हणायला लावलं होतं. ते समोर असले की आम्ही म्हणायचोही. तिचं नाव रुपीबाई. ती महागावात राहूनही तांड्यावरच्यासारखीच राहायची. घेरदार घागरा, आरसे लावलेली कांचळी, कानशिलांवर केसांत गुंफलेल्या चांदीच्या घुगऱ्या आणि दोन्ही दंडांवर कोपरापासून काखेपर्यंत हस्तिदंताचा चुडा. घुगऱ्या आणि चुडा आमच्यात नवरा असलेल्या बाईचे. ते उतरतात एकदाच. ज्या दिवशी नवरा जातो, त्या दिवशी तांड्यातल्या बायका येतात आणि उतरवतात.

पासपोर्टाच्या फोटोसाठी आम्ही यवतमाळला गेलो. फोटोवाला सभ्य माणूस होता. त्यानं बापूंना खुर्ची दिली, आम्हाला त्यांच्या दोन बाजूंना उभं केलं आणि याडीला नम्रपणे म्हणाला, “बाई, तुम्ही जरा बाहेर थांबा. गुरुजींच्या घरच्यांचा फोटो काढून राह्यलो.”

बापू म्हणाले, “या माझ्या मिसेस आहेत.”

तो बिचारा ओशाळला, तीनदा माफी मागून झाली. पण फोटो काढला तर कांचळीच्या आरशांवरून उजेड परतला आणि याडीच्या तोंडाच्या जागी पांढरा डाग आला. दुसऱ्यांदा काढला, तरी तेच. परतताना एसटीत आर्णी येईपर्यंत बापू ते फोटो पाकिटातून काढून पाहत आणि परत ठेवत. याडी खिडकीतून बाहेर बघत होती. तिला काही लागलं होतं असं मला तरी वाटलं नाही. लागलं होतं ते बापूंना.

घरी आल्यावर ते म्हणाले, “हे तिकडं चालणार नाही. पातळ नेसावं लागंल. घुगऱ्या, चुडो, सगळं घरी ठेव.”

घागरा बदलता येत होता, घुगऱ्याही सोडता येत होत्या. चुडा तसा निघत नव्हता. चौदाव्या वर्षी तो तिच्या हातात चढवलेला, नंतर दंड भरले. कापल्याशिवाय तो निघणारच नव्हता.

“चुडो कायले काढता?” याडी म्हणाली. “त्या बेटावरच्या लोकायचं काय बिघडवते तो?”

“बोटीवर हस्तिदंत पाहून अडवतात.” हे त्यांनी तिथल्या तिथे रचलेलं होतं, अशी माझी आजही खात्री आहे.

“मंग तुम्ही जा. मी राह्यीन तांड्यावर.”

“रहा. मी लेकरं घेऊन जातो.”

फुलसिंगला तिनं कधी एका रात्रीपुरतं दुसरीकडे ठेवलं नव्हतं, आणि हा त्याला समुद्रापलीकडे न्यायला निघाला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी बाजेवर बसून लंकेच्या राजधानीचं नाव घोकत होते. मी म्हणाले, “काढ ना याडी. आल्यावर नवा घाल.”

हे मी बोलले. बापूंवर सगळं ढकलून देणं सोपं आहे, पण हे वाक्य माझं आहे आणि ते मी इतकी वर्षं जवळ ठेवलं आहे. याडी म्हणाली, “बोलावा सुताराले.”

श्रावण सुतार दुपारी बारीक करवत घेऊन आला. दारातूनच त्यानं याडीला दोन्ही हात मोकळे करून भिंतीला टेकून बसलेलं पाहिलं आणि तो थांबला. बायकांचा चुडा कधी उतरतो हे महागावात त्यालाही ठाऊक होतं. हळू आवाजात म्हणाला, “गुरुजी, घरात काही झालं काय?” मग ज्याच्याशी आपण बोलतोय तोच तर हिचा नवरा, हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो आणखीच गोंधळला.

“काही झालं नाही. आम्ही लंकेले जाऊन राह्यलो,” बापू म्हणाले.

कातडीला लागू नये म्हणून श्रावण चुड्याखाली ओलं फडकं सरकवायचा आणि एकेक बांगडी कापायचा. एका दंडावर नऊ, दुसऱ्यावर नऊ. बापू बाहेर उभे होते. करवतीचा आवाज थांबला की ते आत डोकवायचे आणि पुन्हा बाहेर जायचे. याडी रडली नाही. काम संपलं तेव्हा तिच्या दंडांवर कधीच ऊन न लागलेली फिकट कातडी उघडी पडली होती आणि ती तिनं दुसऱ्या हातानं एकदा चाचपून पाहिली. श्रावण निघाला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर “नोको बेटा” म्हणाला आणि गेला.

शेजारच्या भगवानरावांच्या बायकोनं, कोकिळाकाकूंनी, आपलं बारीक काठाचं पातळ आणून याडीला नेसवलं. त्या मनानं चांगल्या होत्या. म्हणाल्या, “मस्त दिसून राह्यली वं रुपीबाई, आता कोणी ओळखणार नाही.” याडी हो म्हणाली. त्या दिवसापासून तिला काहीही विचारलं की ती हो म्हणायची. मीठ टाकलं का, हो. डबा बांधला का, हो. पातळातला फोटो नीट आला, पासपोर्टही झाले आणि बापूंना वाटलं गाडी रुळावर आली.

शुक्रवारी निघायचं होतं. त्याआधीच्या रविवारी आम्ही तांड्यावर गेलो, आजीला, म्हणजे बापूंच्या आईला, सांगून यायला. तांडा फुलसावंगीपासून मैलभर. एसटीतून उतरल्यावर बापूंना एक ओळखीचे मास्तर भेटले आणि ते त्यांना आगबोटीविषयी सांगत तिथेच उभे राहिले. आम्हाला म्हणाले, चला पुढे, आलोच. म्हणून याडी, तिच्या मागे मी आणि फुलसिंग, असे तिघंच तांड्यात शिरलो.

आजी, सुखीबाई, दारात तूर पाखडत बसली होती. तिनं मान वर केली. सुनेच्या अंगावर फिकं पातळ, कानशिलं मोकळी, दंड मोकळे, मागे दोन पोरं, आणि बरोबर मुलगा नाही. तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

ती उठली, याडीच्या गळ्यात पडली आणि सुरात रडायला लागली. आमच्यात मेलेल्याचं नाव घेऊन, त्याच्या गोष्टी जोडत जोडत सुरात रडतात. माझ्या खेम्या, तुला मी पाठीला बांधून कापूस वेचला. माझ्या खेम्या, तुझी पाटी मी दुधानं पुसली. आवाज ऐकून घराघरांतून बायका धावत आल्या, याडीचे दंड पाहिले आणि त्याही बसल्या. फुलसिंग घाबरून रडू लागला, ते पाहून बायकांना उरलासुरला संशयही राहिला नाही. मी मोठी होते, मला सांगता आलं असतं. मी सांगायचं सोडून फुलसिंगचे डोळे पुसत राहिले. आणि याडी? तिला एक वाक्य बोलायचं होतं, की ते मागून येतायत. ती बोलली नाही. सासूला धरून ती उभी राहिली, आणि करवतीखाली जी रडली नव्हती ती तिथे रडली. खरं रडली. नऊ-दहा वर्षांच्या पोरीसारखी हुंदके देऊन रडली.

पाच-सात मिनिटांनी बापू हातात टोपी घेऊन, घाम पुसत आले.

“काहून रडून राह्यल्या? कोण गेलं?” त्यांनी विचारलं.

बायका उठून मागे सरल्या. एकीनं तोंडावर ओढणी घेतली. बापूंना सगळं कळल्यावर ते हसले. म्हणाले, यासाठीच तर म्हणतो जग पाहा. कोणी हसलं नाही. आजीनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, खांद्यावरून फिरवला आणि म्हणाली, “जित्या लेकरापायी रडवलं मले.” मग सूप उचलून सांडलेली तूर वेचत बसली. जेवताना तिनं त्यांच्याकडे एकदाही बघितलं नाही. निघताना पाया पडलो तेव्हा फक्त आम्हा पोरांच्या डोक्यावर तिनं हात ठेवला.

गुरुवारी भगवानरावांच्या रेडिओवर बातमी आली. मंगळवारच्या रात्री समुद्र चढला होता. रामेश्वरच्या बेटाचं ते टोक, जिथून आमची आगबोट सुटणार होती, पाण्याखाली गेलं होतं. स्टेशन गेलं, माणसांनी भरलेली आगगाडी गेली. बापू घरी येऊन बांधलेल्या वळकटीवर बसले आणि हे सगळं आम्हाला सांगितलं. आम्ही वाचलो, असं त्यांना म्हणायचं होतं बहुतेक. पण ते म्हणाले, “आता या साली होत नाही.”

“बेट बुडलं?” याडीनं विचारलं.

“टोक बुडलं.”

“हो,” ती म्हणाली आणि ट्रंक उघडून कपडे बाहेर काढू लागली. त्या रात्री तिनं भाकरी केल्या. मला आनंद व्हायला हवा होता. मला काहीच झालं नाही. लंका गेल्याचं दुःख नाही, जीव वाचल्याचं सुख नाही. मी तीन भाकरी खाल्ल्या आणि झोपले.

पुढच्या महिन्यात बापूंनी पुसदहून पांढऱ्या प्लास्टिकच्या बांगड्या आणल्या. हस्तिदंतासारख्याच दिसत होत्या, मापाच्याही होत्या. याडीनं त्या कोनाड्यात ठेवल्या. ती पुन्हा घागरा घालायला लागली, घुगऱ्याही पुन्हा बांधल्या, पण बांगड्यांना तिनं हात लावला नाही. बापूंनी दोनदा सांगितलं, एकदा रागावून, एकदा जवळजवळ विनवून. दोन्ही वेळा ती म्हणाली, “राहू द्या.” आजीनंही निरोप धाडला की नवा चुडा कर, मी देते हस्तिदंत. याडी म्हणाली, रडून झालं आता.

कोणी तिला त्यावरून काही बोललं नाही. पण तांड्यावर लग्न असलं की हळदीच्या वेळी नवरीजवळ बसायला सवाशिणींना हाक मारत आणि तिच्यापाशी येऊन हाक थांबायची. ती आपणहून उठून चुलीकडे जायची. तिथे पोळ्या लाटताना तिचे ते मोकळे दंड पुढेमागे होताना मी पाहिले आहेत. तिचा नवरा मांडवात खुर्चीवर बसून पाहुण्यांना भूगोल सांगत असायचा. घरी ती त्यांना वेळेवर वाढायची, आजारपणात पाय चेपायची, कधी उलट बोलली नाही. बापू तिच्याशी बोलताना आवाज खाली आणायला शिकले. सहलीसाठी भिंतीवर लावलेला समुद्राचा नकाशा त्यांनी काढला नाही, पण त्याच्याकडे पाठ करून बसायला लागले.

१९६८ च्या भाद्रपदात त्यांना कावीळ झाली. पंधरा दिवसांत गेले. वय बेचाळीस. तांड्यावर नेलं. मी पंधरा वर्षांची होते आणि मला आठवतं ते इतकंच, की आजी त्यांच्या उशाशी बसली होती आणि तिला सूर लागत नव्हता. तोंड उघडायची, मिटायची. खेम्या म्हणायची आणि पुढचं काही यायचं नाही. ते सगळं चार वर्षांपूर्वी दारात म्हणून झालं होतं. तिनं दुसऱ्या बायकांना खुणेनं सांगितलं की तुम्ही म्हणा.

तिरडी गेल्यावर बायका याडीपाशी आल्या. घुगऱ्या सोडल्या. मग त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं रीतीप्रमाणे याडीचा हात धरला, ओढणी बाजूला केली आणि चुड्यासाठी दंडावर हात नेला. तिची बोटं कातडीवर थांबली. चुडा कधीच उतरलाय हे ती बाई विसरली होती. आता पुढे काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं.

याडीनं आपला हात सोडवून घेतला. “माझं तवाच झालं,” ती म्हणाली, “चार सालं होऊन राह्यले.” तिचा आवाज चढलेला नव्हता, त्यात राग नव्हता, रडू नव्हतं. मग तिनं ओढणी सारखी केली आणि मला विचारलं, फुलसिंग सकाळपासून काही जेवला का.